शिवमुद्रा काढताय? आधी वेलांट्या मोजा

तुमची पोस्ट वाचली. शिवमुद्रा, त्रिशूळ-डमरू की उनालोम (ती नागमोडी रेघ), कशाचा अर्थ ‘जास्त पॉवरफुल’ आणि हातावर कुठे काढू, असं विचारलंय. सोबत टॅटूवाल्याने पाठवलेल्या डिझाइनचा फोटो आहे. अर्थाचं नंतर बघू. तो फोटो मोठा करून पहिली ओळ बोट ठेवून वाचा. ‘प्रतिपच्चंद्र’ नाहीये तिथे, ‘प्रतपिच्चंद्र’ आहे. मला पाहताक्षणी कळलं, कारण हेच डिझाइन माझ्या डाव्या हातावर येता येता राहिलं. येता येता म्हणजे, त्यातल्या अर्ध्या चुका आल्याच.

होतं असं की व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर फोटोशॉपमध्ये तसाच चिकटवला आणि देवनागरीची सेटिंग बदललेली नसेल, तर अक्षरं फुटतात. वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्याच्या डोक्यावर बसते. रफार वर चढत नाही, पाय मोडलेला र तसाच आडवा राहतो. लग्नाच्या बॅनरवर ‘वंदतिा’ छापाचं मराठी पाहिलं असेल, तोच प्रकार. बॅनर दोन दिवसांत उतरतो.

माझी चूक काय झाली, तर मला एक चूक सापडली. ‘प्रतपि’ मी पकडलं, टॅटूवाल्याने “सॉरी दादा” म्हणत वेलांट्या पेनाने जागेवर आणल्या, आणि मी खूश. वाटलं, तपासून झालं. मग अर्धा तास अष्टकोनाच्या कडा सरळ आहेत का, मनगटापासून किती अंतर, हेच बघत बसलो. ‘वर्धिष्णु’चा रफार तुटलेलाच राहिला. ‘शाहसूनोः’मधला सू ऱ्हस्व झाला आणि विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन आला, दोन चौकोनी ठिपके. तीन तास सुई चालू होती आणि एकदाही मी ते मोठ्याने वाचलं नाही. पाठ होतं ना! पाठ असलेलं माणूस वाचत नाही, डोळ्यांसमोरून नुसतं जाऊ देतो.

तीन महिन्यांनी १९ फेब्रुवारीला मंडळाचं रक्तदान शिबिर. फॉर्मच्या टेबलावर आमच्या शाळेचे निवृत्त सर. त्यांनी मनगट धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याने एकेक अक्षर दाबत वाचलं. “शाहसुनो... पुढे हे काय रे, दोन टिंबं?” मागे लाइनीत वीस पोरं. मग म्हणाले, “कधी काढलास?” सांगितलं. “मग रक्तही चालणार नाही तुझं, वर्ष जाऊ दे.” टॅटूनंतर बारा महिने रक्त घेत नाहीत, हे मला तिथे कळलं. म्हणजे महाराजांच्या जयंतीला महाराजांची मुद्रा हातावर चुकीची, आणि वर बिनरक्ताचा परत.

स्टुडिओत गेलो तर उत्तर मिळालं, “तुम्ही ओके म्हणालात, मेसेज आहे.” खरंय, आहे. नाव घेत नाही, पण पुढचं ऐका: दुरुस्तीचे वेगळे पैसे मागितले, आणि दुरुस्ती म्हणजे काय, तर कोलनचे ठिपके गोल करून देतो! टॅटू साडेचार हजारांचा. लेझरच्या चार सिटिंगना त्याच्या तिप्पट गेले, दोन सिटिंगमध्ये सहा-आठ आठवडे थांबायचं ते वेगळं. मी काही त्वचारोगतज्ज्ञ नाही, पण आपल्या सावळ्या कातडीवर लेझरने पांढरट डाग पडू शकतात. माझ्या हातावर एक आहे.

आता अर्थ. शिवमुद्रेचा अर्थ त्या ओळीतच आहे: प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाला वंद्य असलेली, शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा लोककल्याणासाठी शोभते. ‘पॉवर’चा शब्द नाही त्यात, वाढीचा आणि कल्याणाचा आहे. उनालोम बौद्ध परंपरेतलं, थायलंड-कंबोडियाकडच्या गोंदणातून आलेलं. नागमोडी रेघ भरकटलेल्या मनाची, वर सरळ होते ती जागृतीची. अर्धविरामाचा (;) टॅटू २०१३ पासून अमेरिकेतल्या एका मोहिमेतून पसरला. वाक्य संपवता आलं असतं, पण संपवलं नाही, असा त्याचा अर्थ. जे आत्महत्येच्या विचारातून बाहेर आले ते काढतात, म्हणून फॅशन म्हणून नको. ‘ट्रायबल’ नक्षी दंडावर मागणाऱ्यांनी जरा थांबावं. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत चेहऱ्यावरचं गोंदण, मोको, म्हणजे त्या माणसाची वंशावळ असते, दुसऱ्याची वंशावळ आपण कशाला मिरवायची? इन्फिनिटी आणि पिसातून उडणारे पक्षी यावर मी बोलत नाही, माझ्या मेहुणीच्या हातावर आहेत.

आमच्या आजीच्या हातावर तुळस होती, कपाळावर ठिपका. गोंदण तेवढं मेल्यावर सोबत येतं म्हणायची. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे शुद्धलेखनाची चूक व्हायचा प्रश्नच नव्हता. माझं प्रामाणिक मत (पटलं नाही तर सोडून द्या): अक्षरांपेक्षा चित्र बरं. तुम्हाला नुसती चंद्रकोर का चालत नाही? पहिल्या ओळीतलीच आहे ती.

शिवाय पोस्टच्या शेवटी भरतीत टॅटू चालेल का, असंही लिहिलंय. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या (सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे) वैद्यकीय नियमांत डाव्या, म्हणजे सलाम न करणाऱ्या हाताच्या कोपराखालच्या आतल्या बाजूचा किंवा पंजाच्या पाठीवरचा टॅटू चालतो, तोही त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा लहान. दंडावरची मुद्रा त्यात बसत नाही. बाकी भरत्यांचं त्या त्या वर्षीची जाहिरात पाहून ठरवा, माझ्या भरवशावर नको.

मुद्राच काढायची असेल, तर स्टेन्सिल हातावर बसल्यावर सुई लागायच्या आधी फोटो काढा आणि संस्कृत येणाऱ्या माणसाला पाठवा. तो उत्तर देईपर्यंत चहा पिऊन या. आणि फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढा, सेल्फीत अक्षरं उलटी दिसू शकतात.