आजार पुन्हा आला म्हणजे

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४७. मला नैराश्याचा आजार पहिल्यांदा झाला तो २००९ मध्ये, धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर. दुसऱ्यांदा २०१८ मध्ये, आणि आता गेल्या आषाढात तिसऱ्यांदा. मधल्या काळात गोळ्या चालू होत्या, पण ‘आता बरी आहेस ना’ असे घरचे म्हणू लागल्यावर मी त्या एकदम बंद केल्या. सध्या बेळगावच्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत आणि बराच फरक आहे. त्यांच्याशी मात्र कन्नडमध्ये बोलावे लागते. कामापुरते मला येते, मनातले सांगता येत नाही. सासूबाई म्हणतात, देवाचे काही राहिले असेल. यजमान म्हणतात, मन घट्ट कर. हे आयुष्यभर असेच येत राहणार का, गोळ्या कायम घ्याव्या लागणार का, आणि शाळेत कळले तर काय होईल, हे तीन प्रश्न रात्री झोपू देत नाहीत.

उत्तर : आपण तीन प्रश्न विचारले आहेत, पण पत्रात चौथाही आहे, तो भाषेचा, आणि माझ्या मते उपचारांच्या दृष्टीने तोही तितकाच महत्त्वाचा आहे. त्याकडे मी नंतर येतो.

तीव्र नैराश्याची एक खेप येऊन गेलेल्या माणसांपैकी साधारण निम्म्यांना ती पुन्हा कधीतरी येते, आणि जितक्या खेपा होऊन गेल्या तितकी पुढची येण्याची शक्यता वाढत जाते. तीन खेपा झालेल्या माणसाला ‘आता पुन्हा येणार नाही’ असे सांगणारा डॉक्टर त्याची दिशाभूल करतो, म्हणून मी ते सांगणार नाही. मात्र दुसरी गोष्ट तितक्याच खात्रीने सांगतो. आपली पहिली आणि दुसरी खेप यांच्यामध्ये जवळपास नऊ वर्षे गेली, आणि त्या वर्षांत आपण मुले वाढवलीत, वर्ग सांभाळलेत. आजार परत आला म्हणून ती वर्षे खोटी ठरत नाहीत. मधुमेहाची साखर वाढली म्हणजे आधीचे पथ्य वाया गेले असे आपण कोणाला म्हणत नाही, मग या आजारातच माणसाला पहिल्या पायरीवर आल्याची शरम का वाटावी? ‘मन घट्ट कर’ हे यजमान प्रेमानेच म्हणत असतील. परंतु या आजारात मन घट्ट करण्याची शक्तीच आधी जाते, हे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून एकदा ऐकावे, म्हणून पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या.

गोळ्यांविषयी. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांची नशेच्या पदार्थांसारखी ओढ लागत नाही. त्या एकदम बंद केल्या तर मात्र चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने, अंगात वीज चमकल्यासारखे होणे असा त्रास होऊ शकतो, आणि त्याशिवाय मूळ आजार परतण्याचा धोका असतोच. पहिल्या खेपेत पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण नियम आहे. वारंवार खेपा आलेल्यांना बहुधा दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ औषध घेण्याचा सल्ला दिला जातो. आपल्याला ते किती वर्षे लागेल हे पत्रावरून सांगता येणार नाही. पण ते ठरवण्याची जागा डॉक्टरांची खोली आहे, घरातला ओटा नव्हे, आणि बंद करायचे ठरले तरी मात्रा हळूहळू, अनेक आठवडे किंवा महिने घेऊन उतरवायची असते. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नका.

डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून विचारा. पहिली, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ या तपासण्या अलीकडे झाल्या आहेत का. शिवाय पाळी जाण्याच्या सुमाराचा हा काळही नैराश्याला अनुकूल असतो, म्हणून पाळीतील बदल न लाजता सांगा. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. आपल्याला किंवा रक्ताच्या नात्यातील कोणाला कधी काही दिवस झोपेची गरजच वाटली नाही, बोलणे, खर्च आणि बेत अवास्तव वाढले, असे झाले होते का, हे आठवून पाहा. तसे असेल तर आजाराचे स्वरूप निराळे, म्हणजे द्विध्रुवीय (कधी खोल उदासी, तर कधी अतिउत्साह असे दोन टोकांचे) असू शकते, आणि त्याचे औषधही निराळे असते. बाळंतपणानंतर सुरू झालेले नैराश्य कधीकधी या प्रकारातले निघते, आणि आपली पहिली खेप तशी असल्यामुळे हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो आहे.

आता भाषेकडे येतो. सीमाभागात आपण दोन्ही भाषा बाजारात, बसमध्ये सहज वापरतो आणि त्यामुळे दवाखान्यातही ते पुरेल असे वाटते. नैराश्याला कन्नडमध्ये ‘खिन्नते’ म्हणतात, ते आपल्याला लगेच कळते. पण ‘बेजार’ हा शब्द पाहा. कन्नडमध्ये तो कंटाळा, थोडे उदास वाटणे अशा रोजच्या अर्थाने सर्रास येतो, आणि मराठीत बेजार झालेला माणूस जेरीस आलेला असतो. आपण ‘बेजार झाले आहे’ म्हणावे आणि समोर किरकोळ तक्रार म्हणून नोंद व्हावी, असे घडू शकते. यात कोणाचीही चूक नसते. म्हणून भावनेच्या शब्दांऐवजी मोजता येणाऱ्या गोष्टी सांगा : पहाटे किती वाजता जाग येते, जेवण किती उतरले आहे, आठवड्यात किती दिवस अंघोळ करणेही जड गेले, मरणाचे विचार येतात का. भेटीच्या आधी हे मराठीत कागदावर लिहा आणि विश्वासातल्या कोणाला तरी सोबत नेऊन सांगायला लावा. ज्यांच्यासमोर मोकळे होता येत नाही, त्यांच्यावर ते काम सोपवू नका. औषध कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांकडून घेण्यात काहीच अडचण नाही. परंतु समुपदेशनासाठी मराठी बोलणारी व्यक्ती मिळत असेल तर थोडे लांब जावे लागले तरी जा.

त्या समुपदेशनात आपल्यासारख्यांसाठी विशेष उपयोगी अशी एक पद्धत आहे : सजगतेवर आधारित बोधात्मक उपचार. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघा मानसशास्त्रज्ञांनी ती पुन्हापुन्हा खेपा येणाऱ्यांसाठीच घडवली. साधारण आठ आठवड्यांच्या या वर्गात विचारांशी भांडायला शिकवत नाहीत. ‘मी निरुपयोगी आहे’ हा विचार आला, की त्याचा रवंथ सुरू होण्याआधी तो केवळ विचार म्हणून ओळखायला शिकवतात. मात्र खेप ऐन भरात असताना हा वर्ग सुरू करू नये, थोडे सावरल्यावर करावा.

माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला हा, की पुढच्या खेपेची तयारी आत्ता, बऱ्या दिवसांत करा. आजार भरात असताना माणसाला आपण आजारी आहोत असे वाटत नाही, आपण वाईट आहोत असे वाटते, आणि तेव्हा मदत मागायचे सुचत नाही. एक पान घ्या. गेल्या आषाढात सर्वांत आधी काय बदलले, ते यजमानांसोबत बसून आठवा : वह्यांचे गठ्ठे तपासायचे राहू लागले का, माहेरचा फोन उचलेनासा झाला का, झोप पहाटे तीनला मोडू लागली का. यांतल्या दोन खुणा सलग दहा-बारा दिवस दिसल्या की डॉक्टरांची वेळ ठरवायची, आणि तो फोन यजमानांनी करायचा, असे त्याच पानावर लिहून ठेवा. खानापूरकडच्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही आणि बाहेरचे फिरणे बंद पडते. एकाच खेपेवरून ऋतूला दोष देणे घाईचे होईल, पण मृगाच्या आधी डॉक्टरांना एकदा भेटून येण्याने काही बिघडत नाही. फिरणे बंद पडले तर पडवीत चाला. उत्साह आल्यावर चालायचे असे ठरवू नका, कारण या आजारात उत्साह कामाच्या मागून येतो.

सासूबाईंना दुखवू नका. भजनाला, देवळात जाऊन बरे वाटत असेल तर जरूर जा. त्याबदल्यात गोळी सोडायची अट मात्र कोणी घालू नये.

शाळेविषयी थोडक्यात. आपल्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्याला दिला आहे, आणि डॉक्टर ती आपल्या संमतीशिवाय शाळेला देऊ शकत नाहीत. सगळ्यांना सांगण्याची गरज नाही. पण आपला तास घेईल अशी एक सहकारी शिक्षिका विश्वासात असावी.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, निपाणीजवळ तंबाखूची शेती करतात. पूर्वी एकदा नैराश्यावर उपचार झाले होते. महिनाभर ते जेवत नाहीत, आणि परवा जमिनीची कागदपत्रे माझ्या हाती देऊन ‘आता तूच बघ’ म्हणाले. त्यांच्या मनात जिवाचे काही बरेवाईट करण्याचे आहे का, हे विचारावे का? विचारल्याने तो विचार त्यांच्या डोक्यात जाईल अशी भीती वाटते.

उत्तर : विचारा, आजच, आणि स्पष्ट शब्दांत : ‘बाबा, जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट एकट्याने वाहिलेले ओझे बहुधा हलके होते. कागदपत्रे सोपवणे ही गंभीर खूण आहे. उत्तर होकारार्थी आले, किंवा त्यांनी नुसती मान खाली घातली, तरी त्यांना एकटे सोडू नका. कीटकनाशकांचे डबे आजच घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. हे काम साधे वाटते, पण तो निकराचा क्षण अनेकदा थोड्याच वेळात ओसरतो आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून असतो. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो चोवीस तास चालू असतो. तेथे मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा वाटला तर १०८ ला फोन करून त्यांना थेट जिल्हा रुग्णालयात न्या. तसा नसला तरी पूर्वीच्या डॉक्टरांकडे उद्याच घेऊन जा, आणि जुन्या गोळ्यांची चिठ्ठी घरात सापडली तर ती बरोबर ठेवा. कोणत्या औषधाने त्यांना मागे गुण आला होता, हे त्यावरून लगेच कळेल.