मायक्रोवेव्हमध्ये एस्टर झाला, आता पुढे काय?

प्रश्न : मी टी.वाय.बीएस्सी.ला (रसायनशास्त्र) आहे. प्रोजेक्टसाठी लॅबच्या मायक्रोवेव्हमध्ये इथाइल अॅसिटेट (सॉल्व्हंट म्हणून वापरला जाणारा एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोलपासून होणारं संयुग) बनवलं. रिफ्लक्सला (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये आणत उकळायला) तासभर लागतो, ते काही मिनिटांत झालं! बाबा एमआयडीसीत ऑपरेटर आहेत, ते म्हणतात, "हे प्लांटमध्ये चालत नाही." मला हरित सॉल्व्हंटमध्येच (पर्यावरणाला कमी घातक द्रावकांवर) काम करायचंय. एमएस्सी करू का?
– एक विद्यार्थिनी, महाड

उत्तर : बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस, ते निम्मं बरोबर आहे. २.४५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यासारख्या द्रवात जेमतेम एक-दोन सेंटिमीटर शिरतात. तुझ्या फ्लास्कला तेवढं पुरतं, हजारो लिटरच्या रिअॅक्टरला नाही. पण द्रव बारीक नळीतून सतत वाहता ठेवला तर अडचण बरीच सुटते. मी 'निम्मं' म्हणाले ते यामुळे.

आता तुला एक विचारते. रिअॅक्शन लवकर झाली, पण किती झाली, हे मोजलंस? अॅसिटिक आम्ल आणि इथेनॉल समान मोल (रेणूंची सारखी संख्या) घेतले, तर साधारण दोन-तृतीयांशाचा एस्टर झाला की समतोल येतो, रिअॅक्शन तिथेच थांबल्यासारखी होते. मायक्रोवेव्ह तिथे लवकर पोचवतो, पुढे नेत नाही. पुढे जायचं तर एस्टरबरोबर तयार होणारं पाणी काढावं लागतं. त्यात इथाइल अॅसिटेट उकळतं ७७ अंशांना, इथेनॉल ७८ला, आणि दोघं पाण्यासकट अॅझिओट्रोप (एकत्रच उकळणारं, साध्या डिस्टिलेशनने वेगळं न होणारं मिश्रण) करून बसतात! प्लांटमधली खरी स्टीम खातो तो डिस्टिलेशनचा कॉलम (उकळून द्रव वेगळे करणारा उंच मनोरा). तिथे हात घातल्याशिवाय नुसत्या रिअॅक्टरच्या मायक्रोवेव्हला 'हरित' म्हणायला माझी जीभ धजत नाही. त्यातून वीज कोळशाची असेल, तर हिशेब आणखी बिघडतो.

म्हणून माझं मत केमिकल इंजिनीअरिंगकडे झुकतं. बारावीला गणित असेल, तर बीएस्सीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. यंदाची माहितीपत्रिका बघून घे. गणित नसेल किंवा नकोसं वाटत असेल, तर एमएस्सी जरूर कर, पण प्रोजेक्ट कॅटॅलिसिसचा (उत्प्रेरकांचा) किंवा प्लांटमधल्या प्रक्रियेचा घे. माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) आणि पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), दोन्हीकडे अशा विषयांवर काम चालतं. 'मायक्रोवेव्ह केमिस्ट्री'च्या महिनाभराच्या सर्टिफिकेटवर पैसे घालू नकोस.

आणि हो, घरच्या ओव्हनमध्ये इथेनॉल ठेवायचा मोह अजिबात नको. वाफेला ठिणगी मिळाली की संपलं.

या आठवड्यात एवढंच कर. एक टन मालामागे किती स्टीम लागते, आणि त्यातली कॉलमला किती जाते, ते बाबांना विचार. आकडे आले की मला कळव, मग कॉलेजांची नावं बघू.