अमेरिकेतली स्टेट सिनेटची निवडणूक म्हणजे आपली विधान परिषदच ना? मत नाही दिलं तर काय बिघडतं?

नाही. स्टेट सिनेट म्हणजे राज्याच्या विधिमंडळाचं वरचं सभागृह खरं, पण विधान परिषदेशी तिचा काही संबंध नाही. आणि मत नाही दिलं तर पुष्कळ बिघडतं.

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत राहता, नुकतंच नागरिकत्व मिळालं, आणि ओळखीच्यांनी सांगितलं की ‘प्रेसिडेंटला मत दिलं की झालं, स्टेट सिनेट म्हणजे मागच्या दाराने आलेल्यांची सोय.’ हेच वाक्य इथल्या मराठी घरांत इतक्या वेळा कानावर पडलंय की उत्तर जरा लांबणार आहे.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा. त्यांतल्या ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपालनियुक्त. पदवीधर आणि शिक्षक सोडले तर सामान्य मतदाराचा थेट हात कुठेच नाही, म्हणून ‘मागचं दार’ हा शब्द तिथे चिकटला. न्यू जर्सीत सिनेटर थेट तुमच्या मताने निवडून येतो. राज्याचे ४० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून एक सिनेटर आणि असेंब्लीचे, म्हणजे खालच्या सभागृहाचे, दोन सदस्य निवडले जातात. २०२०च्या जनगणनेनुसार एका मतदारसंघात साधारण २ लाख ३२ हजार लोक येतात.

मुदतीचं गणित लोकांना कळत नाही, ते आधी सांगते. असेंब्लीची निवडणूक दर दोन वर्षांनी. सिनेटची मुदत मात्र एका दशकात २-४-४ अशी फिरते, म्हणजे पहिली दोन वर्षांची आणि पुढच्या दोन चार-चार वर्षांच्या. जनगणनेनंतर नकाशे नव्याने आखले जातात, त्यांच्याशी मेळ बसावा म्हणून ही सोय. २०२१ला निवडून आलेल्यांना दोनच वर्षं मिळाली, २०२३ला सगळ्या चाळीस जागांवर पुन्हा निवडणूक झाली, आता पुढची २०२७ला. सगळी वर्षं विषम. त्यामुळे सिनेटची नियमित निवडणूक आणि प्रेसिडेंटची निवडणूक इथे कधीच एका बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, येत नाहीत. ‘प्रेसिडेंटला मत दिलं की झालं’ म्हणणारा माणूस आपल्या सिनेटरला आयुष्यभरात एकदाही मत देत नाही.

आता ‘काय फरक पडतो’ याकडे येते. दक्षिण जर्सीतला तिसरा मतदारसंघ घ्या, म्हणजे ग्लॉस्टर, सेलम आणि कंबरलंड या काउंट्यांमधला (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) भाग. तिथले डेमोक्रॅटिक पक्षाचे स्टीव्ह स्वीनी २०१०पासून सिनेटचे अध्यक्ष होते. विधेयक मतदानाला येणार की नाही, हे त्यांच्या हातात, त्यामुळे गव्हर्नरच्या, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाच्या, खालोखाल वजन. २०११च्या पेन्शन आणि आरोग्यविम्याच्या कायद्यापासून शिक्षकांची संघटना त्यांच्यावर चिडलेली होती. २०१७ला तिने त्यांना पाडण्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतला. दोन्ही बाजू धरून त्या एका जागेवर दीड कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. स्वीनी तरीही आरामात निवडून आले.

मग आलं २०२१. समोर रिपब्लिकन पक्षाचा एडवर्ड डर, एका फर्निचर कंपनीचा ट्रकचालक. प्रायमरीपर्यंतचा (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीपर्यंतचा) त्याचा नोंदवलेला खर्च १५३ डॉलर, तोही डोनट-कॉफी आणि पत्रकं-कार्डांवर. (पुढे त्याचा खर्च वाढला, पण कोटींच्या जवळपासही गेला नाही. ‘१५३ डॉलरमध्ये निवडणूक जिंकली’ असं जे फिरतं ते अर्धवट आहे.) डर सुमारे २,२०० मतांनी जिंकला आणि सिनेटचा अध्यक्ष घरी बसला.

वर्तमानपत्रांनी ही ‘ट्रकवाल्याची गोष्ट’ म्हणून रंगवली. मला त्यातले आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. स्वीनींची मतं २०१७ला सुमारे ३१,८०० होती, २०२१ला सुमारे ३१,५००. म्हणजे त्यांचा मतदार जवळपास होता तिथेच होता. वाढली ती समोरच्या बाजूची मतं, तीही दहा हजारांहून जास्त. गव्हर्नरपदाच्या चुरशीने मतदार बाहेर पडले आणि बॅलटवर खालपर्यंत खुणा करून आले. जे काम कोट्यवधी डॉलरना चार वर्षांपूर्वी जमलं नव्हतं, ते एरवी घरी बसणाऱ्या काही हजार लोकांनी केलं. २,२०० मतं म्हणजे किती, हे एडिसन किंवा पार्सिपनीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आपल्या एखाद्या मोठ्या गणेशोत्सवाला याहून जास्त माणसं जेवून जातात.

२०२३ला डरही पडला. ती जागा जॉन बर्झिकेली यांनी डेमोक्रॅटिक पक्षाकडे परत आणली. चार वर्षांची मुदत असती तर मतदारांना २०२५पर्यंत थांबावं लागलं असतं. २-४-४चा हा प्रत्यक्ष परिणाम.

आता सिनेटर नेमकं करतो काय. न्यू जर्सीत न्यायाधीश निवडणुकीने येत नाहीत. गव्हर्नर नाव सुचवतो आणि सिनेट मंजुरी देते. सुपीरियर कोर्टाच्या न्यायाधीशाला आधी सात वर्षं मिळतात, पुन्हा नेमणूक झाली की वयाच्या सत्तरीपर्यंत खुर्ची पक्की. काउंटीचा मुख्य सरकारी वकील, म्हणजे प्रॉसिक्यूटर, याचीही नेमणूक अशीच. यात एक अलिखित रिवाज आहे, सिनेटोरियल कर्टसी. उमेदवार ज्या काउंटीत राहतो तिथल्या सिनेटरांनी सही दिल्याशिवाय ते नाव पुढे सरकत नाही. सही अडवायला कारण द्यावं लागत नाही. एक सिनेटर गप्प बसला तरी नेमणूक महिनोन्महिने लटकते.

अशा लटकलेल्या जागा साचत गेल्या आणि फेब्रुवारी २०२३मध्ये मुख्य न्यायमूर्ती स्टुअर्ट रॅबनर यांनी सहा काउंट्यांमधले दिवाणी आणि घटस्फोटाचे खटले थांबवले, कारण चालवायला न्यायाधीशच नव्हते. त्यांत डरच्या मतदारसंघातल्या तिन्ही काउंट्या होत्या, आणि दुसरीकडे हंटरडन, वॉरन आणि सॉमरसेट. सॉमरसेट म्हणजे ब्रिजवॉटर, फ्रँकलिन, आपली वस्ती. ज्या बाईचा घटस्फोट अडला, जिची मुलांच्या ताब्याची आणि घराच्या वाटणीची तारीख पुढे गेली, तिला स्टेट सिनेट म्हणजे काय हे कुणी समजावून द्यायची गरज उरली नाही.

तुम्ही असंही विचारलंय की दोन सभागृहं कशाला. थोडक्यात, हा इतिहासाचा उरलेला भाग आहे. १९६५च्या आधी न्यू जर्सीत प्रत्येक काउंटीला एक असे २१ सिनेटर होते. एसेक्सच्या लाखो लोकांना एक आणि छोट्याशा केप मेलाही एक. १९६४ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की राज्याच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येने समान हवेत, आणि ती रचना गेली. आता दोन्ही सभागृहं त्याच चाळीस मतदारसंघांतून येतात. फरक राहिला मुदतीचा, वयाचा आणि नेमणुका मंजूर करण्याच्या अधिकाराचा.

उमेदवाराच्या अटी: सिनेटसाठी वय किमान ३०, राज्यात चार वर्षं वास्तव्य, मतदारसंघात एक वर्ष. असेंब्लीला २१ वर्षं आणि राज्यात दोन वर्षं पुरतात. चार वर्षांची अट नुसती कागदावर नाही. ऑलिंपिकचा धावपटू कार्ल लुईस २०११ला आठव्या मतदारसंघातून उभा होता, डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरीही पार केली होती. पण २००९ला त्याने कॅलिफोर्नियात मतदान केल्याचं निघालं आणि त्याचं नाव बॅलटवरून गेलं.

खरी निवडणूक बहुतेक मतदारसंघांत नोव्हेंबरला होतच नाही. ती जूनच्या प्रायमरीत होऊन गेलेली असते, आणि आपले लोक नेमके तिथे नसतात. पूर्वी २१पैकी १९ काउंट्यांमध्ये ‘काउंटी लाइन’ चालायची. पक्षाने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार वरपासून खालपर्यंत एका रांगेत छापायचे, आणि बाकीच्यांची नावं बॅलटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात. लाइन मिळाली की तिकीट मिळाल्यात जमा. अमेरिकन सिनेटसाठी उभे असलेल्या अँडी किम यांनी २०२४ला कोर्टात जाऊन डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली, आणि २०२५च्या कायद्याने ती सगळीकडून काढली. आता पदाप्रमाणे चौकट असते आणि त्या पदाचे सगळे उमेदवार एकत्र दिसतात. सिनेटच्या चाळीसही जागांची प्रायमरी या नव्या बॅलटवर पहिल्यांदा २०२७ला होईल. नवख्या माणसाला इतकी बरी संधी इथे फार वर्षांत आली नव्हती.

मतदार म्हणून तुम्ही करायचं ते असं. नोंदणी निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंत. प्रायमरीत मत द्यायचं तर पक्षाची नोंद लागते. कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर त्याच दिवशी केंद्रावर पक्ष सांगता येतो. पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर ५५ दिवस आधी अर्ज हवा, आणि ही तारीख बहुतेकांची चुकते. पोस्टाने मत देणार असाल तर आतल्या पाकिटाला एक प्रमाणपत्राची पट्टी जोडलेली असते. तिच्यावर सही करायची आणि ती फाडायची नाही. सुटं पान समजून ती फाडणारे फार, आणि मग मत बाद होतं. सही नोंदणीवरच्या सहीशी जुळायला हवी. शंका आली तर दुरुस्तीचं पत्र घरी येतं, ते जाहिरात समजून टाकू नका. आणि पोस्टाचं बॅलट मागवून ठेवून केंद्रावर गेलात तर मशीनवर मत देता येत नाही, प्रोव्हिजनल बॅलट, म्हणजे पडताळणीनंतरच मोजली जाणारी मतपत्रिका, भरावं लागतं. घरातल्या आजी-आजोबांच्या बाबतीत हा घोळ नेहमीचा.

प्रायमरीच्या उमेदवारी अर्जासाठी सह्या गोळा करणाऱ्या एखाद्याला मदत करत असाल, तर लागतात त्याच्या दुप्पट घ्या. सही करणारा त्याच मतदारसंघाचा नोंदणीकृत मतदार हवा आणि दुसऱ्या पक्षात नोंदलेला नको. देवळाच्या आवारात टेबल मांडून घेतलेल्या सह्यांत अर्ध्या लोकांचं घर बाहेरच्या मतदारसंघात निघतं, आणि विरोधक यादी घेऊन नाव न् नाव तपासतात.

आता माझा जुना वाद. आपल्याकडे अशी समजूत आहे की सिनेटरला दिवाळीच्या कार्यक्रमाला बोलावलं, शाल दिली, फोटो काढला, फंडरेझरचं, म्हणजे निधी जमवायच्या जेवणाचं, एक टेबल घेतलं, की समाजाचं वजन वाढलं. नाही वाढत. सिनेटरचं ऑफिस मतदारांच्या याद्या बघतं, आणि प्रायमरीत कोण येतं हे त्या याद्यांत लिहिलेलं असतं. शंभर घरांनी जूनमध्ये मत दिलं तर फोन उचलला जातो. त्याहून पुढची पायरी म्हणजे पक्षाची काउंटी कमिटी. तिचे सदस्य तुमच्या गल्लीपुरत्या छोट्या भागातून प्रायमरीतच निवडले जातात, सह्या मोजक्या लागतात, आणि कित्येक जागांवर दुसरा उमेदवारच नसतो. सिनेटची जागा मध्येच रिकामी झाली तर त्याच पक्षाच्या काउंटी कमिट्यांचे सदस्य तात्पुरता सिनेटर निवडतात. म्हणजे मागचं दार इथे असलंच तर ते हे, आणि त्याची किल्ली शेजारच्या माणसाकडे असते. विन गोपाल हे न्यू जर्सी सिनेटमधले पहिले दक्षिण आशियाई सदस्य. ते २०१७ला मॉनमथ काउंटीतून निवडून आले, पण त्याआधी त्यांनी तिथल्या पक्षाच्या काउंटी संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं होतं. शालीचे फोटो त्या प्रवासात कुठे येत नाहीत.

दोन खुलासे. एक, वरचं सगळं न्यू जर्सीचं. न्यूयॉर्कला ६३ सिनेटर आहेत, मुदत दोनच वर्षांची आणि निवडणूक सम वर्षी. कॅलिफोर्नियात ४०, चार वर्षांची मुदत, आणि प्रायमरीतले पहिले दोघे कुठल्याही पक्षाचे असोत, तेच नोव्हेंबरला समोरासमोर. टेक्सासला ३१. नेब्रास्कात तर सभागृहच एक, ४९ जणांचं. दुसरं, घरात कुणी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असेल तर त्यांनी राज्याच्या निवडणुकीतही देणगी देऊ नये, संघीय कायद्याने बंदी आहे आणि तुमच्या नावाने त्यांचे पैसे देणंही गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी चालते, मत मात्र नाही. फुकट स्वयंसेवक म्हणून फोन करायला, दारोदार जायला दोघांनाही मोकळीक आहे.