पावसातली सायकल: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

दादा, मी कोपरखैरण्याला राहते. मार्चमध्ये गिअरवाली एमटीबी (माउंटन बाइक, कच्च्या रस्त्याची सायकल) घेतली पण अजून पाम बीचचा गुळगुळीत डांबरी रस्ता सोडून कुठे गेले नाही. नदी किंवा तलावाच्या बाजूने जाणारा कच्चा रस्ता सांगा, सकाळी निघून जेवायला घरी येता येईल असा. आत्ता पावसात जाऊ का?

ताई, पाम बीचवर एमटीबी चालवणं म्हणजे गमबूट घालून मॉलमध्ये फिरणं, त्यामुळे तुमचा वैताग समजू शकतो. तुमच्यासाठी पनवेल, नेरे, मालडुंगे, धोदाणी हा रस्ता धरा. नेऱ्यापर्यंत काही मजा नाही, डंपर आणि टॉवरच्या जाहिराती, ते अंतर खाली मान घालून काढायचं. नेरे सुटलं की मात्र एका अंगाला प्रबळगड, समोर माथेरानची भिंत, आणि सोबतीला गाढी नदी. हीच गाढी पुढे पनवेल शहरात येते आणि तिथे तिला नाला समजून लोक नाक दाबतात, पण इथे वर ती खळखळ वाहणारी खरीखुरी नदी आहे. मुख्य रस्ता डांबरी आहे, त्याला फुटलेल्या पाड्यांकडे जाणाऱ्या मुरमाड वाटा आहेत ना, त्या तुमच्या सायकलसाठी. शेवटी धोदाणी, तिथून माथेरानच्या सनसेट पॉइंटला चढणारी पायवाट आहे, ती पायीच करायची, सायकल खांद्यावर घेऊन वर जायचा हट्ट एकदा मी केलाय, पुन्हा करणार नाही.

आता पावसाचं. ही नदी माथेरान-प्रबळच्या उतारावरून येते, अंतर कमी आणि उतार खडा, त्यामुळे वर ढग फुटला की खाली तुमच्या डोक्यावर थेंब नसतानाही पाणी बघता बघता चढतं. मागे एका जुलैमध्ये आम्ही दोघं अशाच एका फरशी पुलावर पोचलो, पाणी जेमतेम घोट्याएवढं, म्हटलं जाऊ चालवत. मधोमध पुढचं चाक शेवाळावरून सटकलं आणि मी आडवा, सायकल कठड्याच्या दगडाला अडकली म्हणून वाचली. पलीकडे खाचरात भात लावणाऱ्या एक आजी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. हसल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "दादा, पाणी गढूळ झालंय, दिसत नाय का? वर लागलाय. परत फिरा." आम्ही फिरलो. चहा पिऊन अर्ध्या तासाने बघायला आलो तर फरशी दिसतच नव्हती. पाण्याचा रंग बदलणं, काटक्या-पालापाचोळा वाहत येणं, ही खूण तेव्हापासून लक्षात राहिली. आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय मी आता फरशी ओलांडत नाही, गुगल मॅपला काय माहीत वर पाऊस लागलाय ते.

त्यातच गाढेश्वरचं, म्हणजे देहरंग धरण पण आहे, पनवेलला पाणी देतं ते. पावसाळ्यात तिथे बंदी असते, नाक्यावर पोलीस परत पाठवतात, वाद घालू नका. थोडक्यात, आत्ता गेलात तर डांबरी रस्त्यावरच राहा आणि दुपारच्या आत परत. खरी मजा ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, माती बसलेली असते, ओढ्यांना पाणी असतं, भात पिवळा झालेला असतो. आणि एक विनंती, फोटोसाठी खाचराच्या बांधावर सायकल घालू नका, बांध फुटला की वरच्या खाचरातलं पाणी खाली जातं आणि त्या माणसाचं सकाळपासूनचं काम बोंबलतं.

ठाण्यात राहतो. येऊरला आत जंगलात ट्रेल आहेत असं ऐकलंय. सायकल घेऊन जाता येतं का?

नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, म्हणजे डांबरी रस्ता सोडून झाडीत घुसणं हे वनखात्याच्या परवानगीशिवाय चालत नाही, कुणी कितीही व्हिडिओ टाकू दे. वरच्या गावापर्यंतचा चढ पहाटेच्या व्यायामाला झकास आहे, तेवढा करा. पण उजाडल्यावर, आणि एकट्याने नको. बिबट्या तिथलाच रहिवासी आहे, आणि हँडलवर वाकून बसलेला माणूस त्याला अंधारात माणूस वाटेलच असं नाही.

माझा मुलगा कॉलेजच्या मित्रांबरोबर बदलापूरहून बारवी धरणाकडे सायकलने जातो म्हणतोय. सोडू का? मी नाही म्हटलं की तो म्हणतो आई तुला काही कळत नाही. (एक काकू, कळवा)

काकू, तुम्हाला कळतं. सायकलला सोडा, पाण्याला सोडू नका, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर सायकललाही नको. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, तिथे कुणी माणूस चाक फिरवत बसलेला नसतो. इशारा नदीकाठच्या गावांना देतात, पण खाली दगडावर बसून सेल्फी काढणाऱ्या पोरांना तो ऐकू जाईलच असं नाही. आणि तो पट्टाच पुराचा आहे, २०१९ च्या २७ जुलैला बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हजारावर प्रवासी बोटीने बाहेर काढले, तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. अख्खी ट्रेन अडकते तिथे सायकलचं काय घेऊन बसलात.

मुलाला सांगा, दिवाळीनंतर जा, तेव्हा मी स्वतः म्हणेन सोडा. मध्ये जंगल आहे, चढउतार आहेत, एमटीबीसाठी रस्ता मस्त आहे. पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून, चिखलातून कुठे गेलाच आणि पायाला खरचटलेलं असेल तर घरी आल्यावर साबणाने धुवायला लावा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना "पाण्यातून गेला होता" हे आवर्जून सांगा, लेप्टोचा (साठलेल्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) संशय त्यावरूनच येतो.

चिखलातून आल्यापासून डिस्क ब्रेक किंचाळतोय आणि मागचं चाक आठवड्यात दोनदा पंक्चर. टायरमध्ये हवा किती भरू? (ऐरोली)

आधी हवा. रस्त्याच्या सायकलसारखं टायर दगड करू नका. २.१ इंची टायर, आत ट्यूब आणि तुमचं वजन साठ-सत्तर किलो असेल तर ३० ते ३५ पीएसआय (पंपावर हवेचा दाब दाखवणारा आकडा) पुष्कळ झाली. त्याच्या खूप खाली गेलात तर दगडावर आपटून ट्यूब रिमला चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. तुमची भोकं तशी असतील तर हवा कमी पडतेय. एकच बारीक भोक असेल तर बाभळीचा काटा, आणि दुसऱ्यांदा पंक्चर व्हायचं कारण बहुतेक हेच की काटा टायरमध्येच राहिलाय. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोटं हळूच फिरवून बघा. मी एकदा न बघता नवीन ट्यूब टाकली आणि पंधरा मिनिटांत परत रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो, बायको वरून विचारतेय "झालं का?"

ब्रेकचं म्हणाल तर खरं सांगा, चेनला स्प्रे मारलात ना? तो डिस्कवर उडतो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड काढून बारीक पॉलिश पेपरवर हलके घासा, तरी ओरडला तर पॅड तेल प्यायलेत, बदला. आणि बाईक वॉशिंगवाल्याच्या प्रेशर गनखाली सायकल कधीही धरू नका, चाकाच्या नि पेडलच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसतं आणि महिन्याभरात कुरकुर सुरू होते. बादली, जुना दातघासायचा ब्रश, साधा साबण, मग कोरडं करून चेनला दोन थेंब तेल. एवढंच.

वय ६३, सायकल साधी, बिनगिअरची. तानसा तलावाकडे जायची फार वर्षांची इच्छा आहे. जमेल का? (एक काका, नौपाडा)

जमेल काका, फक्त ठाण्यापासून सायकल मारत जाऊ नका, नाशिक हायवेच्या ट्रकमध्ये तुमची अर्धी हौस संपेल. रविवारी पहाटेची कसारा लोकल, मालडबा, आटगावला उतरायचं. लगेजचं तिकीट स्टेशनवर विचारून घ्या. तिथून पुढे गावं, भातशेती, सागाची झाडं, आणि मध्येमध्ये मुंबईला पाणी नेणारे ते मोठ्ठे पाइप. १८९२ मध्ये बांधून झालेलं धरण, अजून मुंबई त्यातलं पाणी पितेय. भोवती अभयारण्य आहे आणि धरण महापालिकेचं, त्यामुळे भिंतीवर किंवा पाण्यात उतरायला मिळेल असं धरून जाऊ नका. चढ आला की उतरून हातात धरून चाला, त्यात लाज कसली, चाळिशीतले गिअरवालेही तेच करतात, फक्त सांगत नाहीत.

गावातली कुत्री मागे लागली तर जोरात पेडल मारायचं नाही. उतरायचं, सायकल कुत्रा आणि आपल्यामध्ये ठेवायची आणि सावकाश चालायचं, दहा-बारा पावलांत त्याचा इंटरेस्ट जातो. परतीची लोकल दुपारची धरा, संध्याकाळी मालडब्यात दूधवाल्यांचे कॅन आणि भाजीवाल्यांची पोती असतात आणि तिथे तुमच्या सायकलला सीनिअर सिटिझन कोटा नाही.