नऊ महिन्यांत तुटलेला ऊस

‘इंटरव्ह्यूत आधीच्या आजारपणाचं सांगायचं का लपवायचं?’ हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतो. आजार वेगवेगळे असतात, मान खाली घालायची पद्धत मात्र एकच.

गेल्या वर्षी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत चोवीस वर्षांचा एक मुलगा येऊन बसला. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मेकॅनिकल डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीत दोन वर्षं क्वालिटीला. मग फुफ्फुसाचा टीबी निघाला आणि नोकरी सुटली. सहा महिने गोळ्या, वर तीन महिने अंगात बळ भरायला. बायोडाटात नऊ महिन्यांची मोकळी जागा.

“मॅडम, नोकरी पाहिजे, खरं खरं कसं सांगायचं?”

बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. त्याच्या वाक्यातलं पहिलं ‘खरं’ म्हणजे पण, दुसरं खरोखरचं.

तोवर त्याचे दोन इंटरव्ह्यू होऊन गेले होते. पहिल्यात त्यानं ठोकून दिलं, “गावाकडं शेती बघत होतो.” समोरचे साहेब करवीर तालुक्यातले. त्यांनी सहज विचारलं, कुठला ऊस? “८६०३२.” लागण कधी केली? “दिवाळीत.” मग तोड? हा म्हणाला, “जुलैमध्ये.” साहेबांनी पेन खाली ठेवलं. “पाव्हणं, नऊ महिन्यांत ऊस? आणि जुलैमध्ये कुठला कारखाना चालू असतोय?” दिवाळीत लावलेल्या उसाला वर्षाच्या वर लागतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. सांगताना तो स्वतःच हसला. मीही हसले.

दुसऱ्या इंटरव्ह्यूत त्यानं उलट टोक गाठलं. एक्स-रेची पिशवी घेऊनच गेला. वजन किती उतरलं, लघवी कशी लाल व्हायची, टीबीच्या रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यावर कधी जमायचे, सगळं सांगितलं. विचारलं होतं फक्त “मध्ये गॅप का?” एवढंच. समोरच्या बाईंनी खुर्ची थोडी मागं घेतली, असं त्याला वाटलं. घेतली असेलही. टीबीची औषधं नीट सुरू झाली की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बहुतेकदा ओसरतो, आणि याचा तर पूर्ण कोर्स होऊन तीन महिने लोटलेले. पण त्या बाईंना हे कोण सांगणार? हा तर माफी मागत बसला होता.

मला त्याच्या दोन्ही उत्तरांत एकच गोष्ट दिसली. आजारी पडणं हा गुन्हा, असं त्यानं मनात धरलं होतं. एकदा तो गुन्हा लपवला, एकदा कबूल केला.

मी त्याला कागद दिला आणि दोनच वाक्यं लिहायला सांगितली. चार वेळा खोडून झाल्यावर उरलं ते असं: “मागच्या वर्षी तब्येतीमुळं मोठी ट्रीटमेंट घ्यावी लागली, ती पूर्ण झाली आहे. डॉक्टरांनी फिट म्हणून लिहून दिलंय, शिफ्टला अडचण नाही.” आजाराचं नाव इंटरव्ह्यूत सांगायचं का, हे मी त्याच्यावर सोडलं. माझं मत विचाराल तर थेट विचारलं नाही तोवर गरज नाही. विचारलंच तर खोटं बोलू नये. नोकरीआधीच्या मेडिकलचा फॉर्म मात्र वेगळा. तिथं विचारलेलं लपवलं, तर ‘माहिती खोटी आढळल्यास सेवा समाप्त’ हे नेमणूकपत्रातलं वाक्य पुढं कधीही अंगावर येतं. (एचआयव्हीची गोष्ट वेगळी: २०१७ च्या कायद्यानं नोकरीसाठी त्या चाचणीची अट घालता येत नाही.)

त्याच्या बाबतीत आणखी एक मुद्दा होता, आणि तो मला नोकरीपेक्षा मोठा वाटला. कोल्हापूर म्हणजे फौंड्र्यांचं, धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांचं गाव. मोल्डिंगला (वाळूचे साचे करताना), फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करताना) वाळूची बारीक धूळ उडते. ती सिलिकाची धूळ फुफ्फुसात जात राहिली की टीबीचा धोका वाढतो. म्हणून म्हटलं, आधी तुझ्या डॉक्टरांना विचार, कुठल्या शॉपमध्ये उभं राहायचं नाही. तो मशीन शॉप आणि इन्स्पेक्शनच्याच जागा बघायला लागला. त्यामुळं जागा कमी झाल्या, हेही खरं.

मग सराव. मी साहेब, तो उमेदवार. पहिल्या तीन वेळा दुसऱ्या वाक्यानंतर थांबणं त्याला जमेना, शांतता पडली की लगेच “म्हणजे मॅडम, काय झालतं...” सुरू. त्या शांततेत टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलायचा, असं ठरवलं. ते जमलं.

तिसऱ्या ठिकाणी नकारच आला, पगारावरून. चौथं ठिकाण कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतलं. तिथं दोन वाक्यं झाली, साहेब “बरं” म्हणाले आणि व्हर्निअर या मापयंत्राच्या लीस्ट काउंटवर, म्हणजे कामाच्या प्रश्नांवर आले.

आठवड्यानं दुपारी त्याचा फोन आला. मागं गलका होता, मेडिकलच्या रांगेत उभा होता.

“मॅडम, फॉर्मात टीबी छापलंय. हो-नाहीचा चौकोन हाय.”

“हो वर टिक कर. पुढं ट्रीटमेंट संपल्याची तारीख लिही.”

“रकाना लईच बारका हाय.”

“मग ऊस लिहू नकोस. तारीख तेवढी बसते.”