लाल झेंड्यानंतरचा बाजार: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

१९८९नंतर पूर्व युरोपातील समाजवादी देश बाजारपेठेकडे कसे वळले, यावर मागील अंकात लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

पोलंडने १ जानेवारी १९९० रोजी ‘शॉक थेरपी’ घेतली, असे सगळीकडे वाचायला मिळते. त्या दिवशी नेमके काय केले? नुसत्या किमती मोकळ्या केल्याने भाववाढ थांबते, हे मनाला पटत नाही.
– वाणिज्य शिक्षक, सांगली

तुमची शंका रास्त आहे. नुसत्या किमती मोकळ्या केल्या तर भाववाढ थांबत नाही, भडकते. १९८९च्या डिसेंबरात पोलंडमधील किमती आदल्या डिसेंबरच्या सात पटींवर गेल्या होत्या, आणि तरीही दुकानांत माल नव्हता. अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांनी वर्ष संपता संपता दहा कायदे संसदेतून संमत करून घेतले आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी चार दोर एकदम ओढले.

पहिला दोर किमतींचा. बहुतेक मालाचे भाव ठरवणे सरकारने सोडून दिले. कोळसा, वीज, घरभाडे हे हातात ठेवले, पण त्यांचे दरही एकदम कित्येक पट केले. कारण त्यांवरच्या अनुदानाने अंदाजपत्रक पोखरले होते.

दुसरा दोर कर्जाचा. मध्यवर्ती बँकेने जानेवारीसाठी ३६ टक्के व्याजदर लावला. वर्षाला नव्हे, महिन्याला. फेब्रुवारीत तो २० टक्क्यांवर आला. जुन्या कर्जांनाही चढा दर लागू झाला. भाव आणखी वाढतील म्हणून गोदामात माल दाबून ठेवणाऱ्या कारखान्याला आता व्याजच खाऊ लागले, आणि दडलेला माल बाहेर आला.

तिसरा दोर विनिमय दराचा. एका डॉलरला ९,५०० झ्लॉटी असा एकच दर बांधला. त्याच्या पाठीशी १०० कोटी डॉलरचा आंतरराष्ट्रीय निधी उभा होता. त्याला हात लावण्याची वेळ आली नाही. हा दर मे १९९१पर्यंत टिकला.

चौथा दोर पगाराचा, आणि तोच लोकांना सर्वांत जास्त झोंबला. सरकारी कारखान्याला पगाराची एकूण रक्कम जानेवारीत भाववाढीच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि पुढचे तीन महिने फक्त २० टक्क्यांपर्यंत वाढवता येत होती. त्याहून जास्त दिले तर जादा रकमेवर २०० ते ५०० टक्के कर. लोक या कराला ‘पोपीवेक’ म्हणत. एवढी कडक तरतूद करण्याचे कारण असे की कारखान्याला खरा मालकच नव्हता. व्यवस्थापक आणि कामगार मंडळ मिळून पगार वाढवून घेत. नफा राखण्यात कुणाचेच हित नव्हते. खाजगी कंपन्यांना १९९१पासून हा कर माफ झाला, कारण तिथे ते काम मालकच करत होता.

आता चूक कुठे झाली, तेही पाहू. डॉलर गरजेपेक्षा महाग धरला गेला. जानेवारीत किमती ४५ टक्क्यांच्या आसपास वाढतील असा हिशेब होता. त्या जवळजवळ ८० टक्क्यांनी वाढल्या. पगार मात्र जुन्या हिशेबाने बांधलेले, त्यामुळे घरोघरी ओढाताण झाली. १९९०मध्ये देशाचे उत्पन्न ११ टक्क्यांहून अधिक घटले, पुढच्या वर्षी आणखी ७ टक्के. वाढ १९९२मध्ये सुरू झाली, पण बेकारी १९९३अखेर १६.४ टक्क्यांवर गेली. आमच्या मते सर्वांत मोठा अन्याय सरकारी शेतमळ्यांवरच्या मजुरांवर झाला. १९९१च्या कायद्याने हे मळे मोडीत काढले. मजुराचे घर, मुलांची बालवाडी, दुकान, सगळे मळ्याचेच होते. मळा गेल्यावर गावात दुसरे कामच उरले नाही. कारखान्यांच्या शहरांकडे निदान संघटना तरी होत्या. या खेड्यांच्या बाजूने बोलायला कुणीच नव्हते.

एक गोष्ट लेखात राहून गेली होती. नव्या धंद्यांची पेरणी बाल्त्सेरोविच यांच्या आधी वर्षभर झाली होती. उद्योगमंत्री मियेचिस्वाव विल्चेक यांनी आणलेला कायदा १ जानेवारी १९८९ रोजी, म्हणजे कम्युनिस्ट सरकार असतानाच, लागू झाला. धंदा सुरू करायला परवानगी नको, फक्त नोंद पुरे; किती माणसे कामाला ठेवायची यावर मर्यादा नाही. परवाना लागत होता तो खाणकाम, शस्त्रे, स्फोटके, औषधे, दारू, तंबाखू अशा ११ प्रकारच्या व्यवसायांनाच. किमती मोकळ्या झाल्या तेव्हा पदपथावर घडीची खाट मांडून माल विकणारा माणूस आधीच कायद्याने व्यापारी झालेला होता. काही महिन्यांत खाटेच्या जागी पत्र्याची टपरी आली, मग दुकान. नगरपालिकांनीही दुकानगाळे भराभर भाड्याने दिले, पुष्कळदा तिथल्याच नोकरांना. १९९१ संपेपर्यंत किरकोळ व्यापाराचा बहुतांश भाग खाजगी हातात होता. मोठे सरकारी कारखाने विकायला मात्र पुढची कित्येक वर्षे लागली. पोलंडची वाढ या लहान धंद्यांच्या जोरावर झाली, कारखाने विकून नाही.

वूच हे पोलंडचे मँचेस्टर म्हणतात. तिथल्या गिरण्यांचे काय झाले?
– यंत्रमागधारक, इचलकरंजी

वूच (नकाशावर बहुधा ‘लोड्झ’ छापलेले असते) येथील गिरण्यांचे मोठे गिऱ्हाईक सोव्हिएत संघ होते. १ जानेवारी १९९१पासून समाजवादी देशांमधला व्यापार आपसांतल्या हिशेबाच्या रूबलऐवजी डॉलरमध्ये आणि जागतिक भावाने सुरू झाला. सोव्हिएत खरेदीदाराकडे डॉलर नव्हते; मागणी काही महिन्यांत आटली. पश्चिमेकडे वळावे तर माग जुने, आणि घरच्या बाजारात आशियातला स्वस्त माल आलेला. गिरण्यांत बहुसंख्येने बायका होत्या. खाणकामगारांसारखी मोठी नुकसानभरपाई त्यांच्या वाट्याला आली नाही.

तुमच्या धंद्याच्या दृष्टीने पाहण्यासारखा भाग पुढचा आहे. गिरणीतून सुटलेल्या शिवणकामगारांनी घराच्या तळमजल्यावर, गॅरेजात चार-सहा यंत्रे टाकून कपडे शिवायला घेतले. शहराबाहेर तुशिन आणि झ्गूफ येथे तयार कपड्यांचे घाऊक बाजार उभे राहिले. रशिया, युक्रेन, बेलारूसचे व्यापारी बसगाड्या भरून येत, रोख पैसे मोजून गाठोडी नेत. उधारी नाही, त्यामुळे लहान कारागिराचे भांडवल महिन्यातून अनेकदा फिरे. या साखळीची दुबळी कडी एकच: गिऱ्हाईक सगळे एकाच दिशेचे. ऑगस्ट १९९८मध्ये रूबल कोसळला आणि बसगाड्या रोडावल्या. ज्यांनी तोवर स्वतःचे डिझाइन, मापांची शिस्त आणि देशांतर्गत दुकानांशी करार जमवले होते, ते तगले.

पोझनान्स्की यांच्या जुन्या गिरणीच्या २७ हेक्टर आवारात २००६मध्ये ‘मानुफाक्तुरा’ हे बाजारसंकुल उघडले. लाल विटांच्या इमारती जपल्या आहेत. परळ-लालबाग पाहिलेल्या माणसाला ते दृश्य अनोळखी वाटणार नाही.

चेकोस्लोवाकियाने नागरिकांना कारखाने कूपनवर वाटले म्हणतात. म्हणजे प्रत्यक्षात कसे? आणि ते फसले का?
– निवृत्त बँक अधिकारी, पुणे

पद्धत अशी. १८ वर्षांवरील नागरिकाने ३५ कोरुनांचे कूपनपुस्तक घ्यायचे आणि १,००० कोरुनांचा मुद्रांक लावून ते नोंदवायचे. हा खर्च सरासरी मासिक पगाराच्या पाव भागाच्या आसपास होता. पुस्तकात १,००० गुण. पहिल्या लाटेत, १९९२मध्ये, सुमारे ८५ लाख लोकांनी नोंदणी केली आणि जवळपास १,५०० कंपन्यांचे समभाग लिलावात आले. लिलाव पाच फेऱ्यांत झाला. पहिल्या फेरीत सगळ्या कंपन्यांचा भाव एकच, १०० गुणांना तीन समभाग. मागणी पुरवठ्याहून कमी असेल तर सगळ्यांना समभाग मिळत आणि उरलेले पुढच्या फेरीत जात. मागणी थोडीच जास्त, म्हणजे २५ टक्क्यांच्या आत असेल, तर व्यक्तींना पूर्ण वाटा मिळे आणि कात्री फंडांच्या (लोकांचे गुण गोळा करून त्यांच्या वतीने समभाग घेणाऱ्या संस्थांच्या) वाट्याला लागे. त्याहून जास्त असेल तर कुणालाच काही नाही. गुण परत आणि पुढच्या फेरीत भाव वर. लिलाव म्हणून ही रचना चांगली होती, आणि ती यंत्रासारखी चालली.

घोळ लिलावानंतर झाला. सुरुवातीला लोकांना फारसा उत्साह नव्हता. मग व्हिक्टर कोझेनी यांच्या ‘हार्वर्ड’ नावाच्या फंडांनी जाहिरात केली की गुण आमच्या हवाली करा, एक वर्ष आणि एक दिवसानंतर गुंतवणुकीच्या दहापट देऊ. (अमेरिकेतल्या विद्यापीठाशी या फंडांचा संबंध नव्हता.) नोंदणीला झुंबड उडाली, आणि अखेर सुमारे ७२ टक्के गुण फंडांकडे गेले. कोझेनी पुढे बहामात जाऊन राहिले. प्रागच्या न्यायालयाने २०१०मध्ये त्यांच्या गैरहजेरीत त्यांना दोषी ठरवले.

एका माणसावर सगळे ढकलणे मात्र सोयीचे ठरेल. खरा दोष रचनेत होता, आणि बँकेत काम केलेल्या माणसाला तो चटकन दिसेल. मोठे फंड बँकांनी काढलेले होते आणि बँकांत सरकारचा मोठा वाटा होता. फंडाची कंपनी आजारी पडली की बँक तिचे कर्ज वसूल करण्याऐवजी नवे देई, कारण कंपनी बुडाली तर तिच्याच फंडाचे नाक कापले जाई. कायद्याने एका फंडाला एका कंपनीत २० टक्क्यांहून जास्त समभाग ठेवता येत नव्हते. म्हणजे पूर्ण जबाबदारी कुणावरच नाही, पण संचालक मंडळात माणसे बसवण्याइतकी ताकद आहे. त्यातून जे घडले त्याला चेक लोकांनी ‘तुनेलोवानी’ म्हणजे बोगदा पाडणे हे नाव दिले. कंपनीचा माल संचालकाच्या खाजगी फर्मला स्वस्तात विकायचा, तीच फर्म तो बाजारभावाने विकणार. कंपनीची चांगली जमीन कवडीमोलाने काढायची. कर्ज कंपनीच्या नावावर ठेवायचे. वरून इमारत शाबूत, आतून पोकळ. समभागांचे बरेचसे व्यवहार शेअर बाजाराबाहेर होत, त्यामुळे खरा भाव लहान भागधारकाला कळतच नसे. अनेक फंडांनी १९९६मध्ये स्वतःचे रूपांतर साध्या कंपन्यांत करून घेतले, म्हणजे फंडांना लागू असलेले तेवढे नियमही गळाले.

रोखे बाजारावर नजर ठेवणारा आयोग १ एप्रिल १९९८ रोजी आला. समभाग वाटल्यानंतर पाच वर्षांनी! आधी मालकी वाटा, नियम मागाहून होतील, असा तेव्हाचे अर्थमंत्री आणि पुढचे चेक पंतप्रधान वाक्लाव क्लाऊस यांचा आग्रह होता. आमच्या मते हाच निर्णय सर्वांत महाग पडला.

मग श्कोडा कशी वाचली? तिचा कारखाना आमच्या शेंद्र्याला आहे.
– अभियंता, छत्रपती संभाजीनगर

ती कूपनच्या वाटेने गेलीच नाही. चेक सरकारने डिसेंबर १९९०मध्ये रेनोला बाजूला ठेवून फोक्सवागनची निवड केली आणि एप्रिल १९९१मध्ये पहिला वाटा दिला. पैसा कंपनीतच भांडवल म्हणून येणार, तंत्रज्ञान येणार आणि श्कोडाचे नाव राहणार, हा सौद्याचा गाभा होता. पुढे ओढाताण झाली. १९९३मध्ये फोक्सवागनने ठरलेली गुंतवणूक बरीच कमी केली. तरी जर्मन गुणवत्तेच्या अटी पुरवठादारांपर्यंत पोहोचल्या, आणि ते पुरवठादार नंतर इतरांनाही भाग विकू लागले. १९९६ची ऑक्टाव्हिया फोक्सवागनच्या सांगाड्यावर बनली, २०००मध्ये कंपनी पूर्णपणे फोक्सवागनची झाली आणि २००१मध्ये तीच ऑक्टाव्हिया शेंद्र्यात जुळवली जाऊ लागली.

पूर्व जर्मनीला तर श्रीमंत भाऊ मिळाला होता. तिथले कारखाने का बुडाले?
– विद्यार्थिनी, नागपूर

मुख्यतः एका आकड्यामुळे. १ जुलै १९९० रोजी पगार १ पूर्व मार्क = १ पश्चिम मार्क या दराने बदलले. त्याआधी पूर्व जर्मन निर्यातदारांच्या हिशेबात एका पश्चिम मार्कला ४.४ पूर्व मार्क धरले जात. म्हणजे एका रात्रीत त्यांचा माल चौपटीहून महाग झाला. पोलंडने चलन स्वस्त ठेवले, इथे उलटे झाले. कामगारांना हवे ते चलन मिळाले आणि ते कमावण्याची जागा गेली. ट्रॉयहांड या संस्थेकडे हजारो कारखाने विकायला दिले होते. १९९४अखेर ती बंद झाली तेव्हा तोटा सुमारे २५६ अब्ज मार्क होता. शिवाय जुन्या मालकांना भरपाईऐवजी मालमत्ताच परत देण्याचे धोरण होते. दावा निकाली निघेपर्यंत त्या जागेवर पैसा कोण घालणार?

एस्टोनियात कंपनी काढली तर नफ्यावर कर नाही, हे खरे का? मी म्हापशातून सॉफ्टवेअरचे काम करतो.
– वाचक, गोवा

अर्धे खरे आहे. २०००पासून एस्टोनियात कंपनीतच ठेवलेल्या नफ्यावर कर नाही. १९९०च्या दशकात भांडवलाची चणचण असलेल्या देशाने नफा धंद्यातच राहावा म्हणून तसे ठरवले. लाभांश काढला की कर लागतो. २०२५पासून दर २२/७८ आहे: १०० युरो नफा वाटायचा तर ७८ तुम्हाला, २२ सरकारला. मालकाला दिलेल्या भेटी, धंद्याशी संबंध नसलेला खर्च, परतफेडीचा इरादा नसलेले कर्ज, यांवरही कर बसतो.

परदेशात राहून तिथे कंपनी काढायची तर एस्टोनियाची ‘ई-रेसिडेन्सी’ घेता येते. ती म्हणजे फक्त डिजिटल ओळखपत्र. राहण्याचा हक्क नाही, व्हिसा नाही, करसवलतही नाही. संचालक परदेशात असेल तर एस्टोनियात कायदेशीर पत्ता आणि संपर्क व्यक्ती लागते, ती सशुल्क सेवा असते. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक अहवाल भरावा लागतो.

तुमची खरी अडचण भारतात आहे. काम म्हापशात बसून होत असेल, तर त्या कामातून येणाऱ्या नफ्यावर भारत कर मागू शकतो. कंपनीचा कारभार भारतातून चालतो म्हणून तिला भारतीय रहिवासी ठरवण्याचा नियम वार्षिक ५० कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीला लागत नाही, पण त्याने कामाच्या जागेचा मुद्दा मिटत नाही. कंपनी काढण्यापूर्वीच सनदी लेखापालाला करार आणि कामाची जागा दाखवा. भांडवल पाठवताना बँकेमार्फत परकीय गुंतवणुकीचा एफसी नमुना भरा. व्यक्तीसाठी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीचा कामगिरी अहवाल त्याच बँकेकडे द्यावा लागतो. तो चुकला तर विलंब शुल्क बसते आणि पुढची रक्कम पाठवणे अडते.