बाळ झालं, आता बापाला रजा किती?

प्रश्न : मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत सीएनसी ऑपरेटर आहे. कायम होऊन तीन वर्षं झाली. बायकोला आठवा महिना लागलाय. पहिलंच बाळंतपण, म्हणून ती आजऱ्याला माहेरी गेली आहे. बाळ झाल्यावर पगारी रजा मिळते का, असं सुपरवायझरना विचारलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाळंतपण बाईचं, रजा तुला कशाला?" मोबाइलवर बघितलं तर कुठं १५ दिवस लिहिलंय, कुठं तीन महिने. खरं काय? खाडा पडला तर पगार जातो, हजेरी बोनसही जातो.

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. चारचौघांत तसं ऐकून घ्यावं लागलं, याचं वाईट वाटलं. विचारण्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही.

आधी कायद्याचं सांगतो. ते कडू आहे, पण लवकर कळलेलं बरं. खाजगी कारखान्यात काम करणाऱ्या बापाला बाळंतपणासाठी पगारी रजा दिलीच पाहिजे, असा कायदा आज आपल्या देशात नाही. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आईसाठी. २०१७ च्या दुरुस्तीनं तिची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांपुरती १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. बापाच्या रजेबद्दल त्यात एक ओळही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, मातृत्वाच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या, पण बापाची जागा तिथंही रिकामीच राहिली.

मोबाइलवरचे दोन्ही आकडे कुठून आले तेही सांगतो. १५ दिवस आहेत ते केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे. तीन महिने आले एका विधेयकातून. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक आणलं होतं. खाजगी आणि असंघटित कामगारांनाही १५ दिवस मिळावेत आणि ती रजा तीन महिन्यांपर्यंत वाढवता यावी, अशी त्यात मागणी होती. ते मंजूर झालं नाही. आपल्या मराठवाड्याच्या माणसानं उचललेला विषय तसाच पडून राहिला, याची मला आजही हळहळ वाटते.

म्हणून तुमच्या हातात काहीच नाही असं नाही. तुमची हक्काची रजा आहे, जिला आपण पीएल म्हणतो. दर २० दिवसांच्या कामामागं एक दिवस. जुन्या कारखाना कायद्यात त्यासाठी वर्षाला २४० दिवस भरावे लागायचे, नव्या कामगार संहितांत १८० पुरतात. गेल्या वर्षी तुमच्या २८० हजेऱ्या भरल्या असतील तर १४ दिवस तुमचे झाले. न घेतलेली रजा ३० दिवसांपर्यंत पुढं ओढता येते. तीन वर्षांत तुम्ही रजा फारशी घेतली नसेल, तर कार्डावर तीन आठवड्यांपेक्षा जास्त शिल्लक निघेल असा माझा अंदाज आहे. उद्याच टाइम ऑफिसात जाऊन शिल्लक विचारा आणि आकडा लिहून घ्या. ही रजा मंजूर होऊन घेतली तर तो खाडा नव्हे. हजेरी बोनसला मात्र प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो, तेवढं आधी विचारून ठेवा.

ठेकेदाराकडं काम करणाऱ्या वाचकांनीही हे वाचावं. २० दिवसांमागं एक दिवस हा हिशेब तुम्हालाही लागू आहे. पगाराच्या चिठ्ठ्या आणि गेटपास जपून ठेवा. रजा मागताना हजेरीचा पुरावा तोच असतो.

आता रजा कधी घ्यायची, हे मला पोटतिडकीनं सांगायचं आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं टाइम ऑफिसात होतो. रजेची पिवळी कार्डं माझ्याच अक्षरात असायची, माझं स्वतःचंही. मार्च १९९३ मध्ये माझी मोठी मुलगी गडहिंग्लजला जन्मली. तेव्हा माझ्या कार्डावर १९ पीएल शिल्लक होत्या. मी दोन सीएल, म्हणजे किरकोळ रजा, घेतल्या, पेढे वाटले आणि परत कामावर आलो. वरचे साहेब म्हणाले होते, "मार्चअखेर आहे, आत्ता जाऊ नका." मी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. नवव्या दिवशी बायकोला छातीत दूध साठून गाठ आली आणि रात्री सडकून ताप भरला. सासऱ्यांनी शेजारच्याची जीप काढून तिला डॉक्टरकडं नेलं. मला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवर. बारशाला गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, हाताच्या शिरेवर सलाइनचा काळानिळा डाग. काहीच बोलली नाही. कार्डावरचे ते १९ दिवस पुढच्या वर्षी तसेच ओढले, माझ्याच हातानं.

म्हणून सांगतो, सगळी रजा दवाखान्यात आणि बारशात घालवू नका. तिथं माणसांची वाण नसते. आत्या, माम्या, मावश्या, सगळ्या असतात. नंतर चार-पाच दिवस तिच्या माहेरी राहा, जेव्हा पाहुणे पांगलेले असतात आणि रात्री बाळ दर दोन तासांनी उठतं. सासूबाईंचं वय आणि दिवसभराची शेक-शेगडी बघता रात्रीची एक पाळी तुम्ही घेतलीत तर त्या घराला किती आधार होईल! आणि उरलेली रजा बायको कोल्हापूरला परत येईल त्या आठवड्यासाठी राखून ठेवा. तीन महिन्यांनी ती तुमच्या दोन खोल्यांच्या घरात येते, आई जवळ नसते, आणि तुम्ही सकाळी साडेसहाची शिफ्ट गाठायला निघता. बाळंतिणीला खरं एकटं वाटतं ते तेव्हा. लसीकरणाच्या तारखाही धरा. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. दीड महिन्याच्या सुया लागल्या की बाळ रात्रभर कुरकुरतं, अंग तापतं. दुसऱ्या दिवसाची सीएल त्यासाठी ठेवा.

आणखी एक काम बापानंच अंगावर घ्यावं. जन्माची नोंद २१ दिवसांत विनामूल्य होते. बाळ दवाखान्यात झालं तर कळवण्याचं काम दवाखाना करतो, पण आईबापाच्या नावाचं स्पेलिंग आधारकार्डाप्रमाणे आहे का, ते तिथंच उभं राहून तपासा. नंतर दुरुस्तीला किती खेटे घालावे लागतात, ते आमच्या कामगारांनी मला पुष्कळदा सांगितलंय. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला पुरावा म्हणून चालतो, त्यामुळं आता तो अधिकच महत्त्वाचा.

अर्ज तोंडी करू नका. निदान पंधरा दिवस आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. इतकं पुरे : "माझ्या पत्नीच्या प्रसूतीची संभाव्य तारीख अमुक आहे. माझ्या खात्यावर इतक्या हक्काच्या रजा शिल्लक आहेत. त्यापैकी पाच दिवस प्रसूतीनंतर व उरलेले सात दिवस पत्नी व बाळ घरी परत येतील तेव्हा मिळावेत. नक्की तारीख दोन दिवस आधी कळवीन. माझ्या मशीनवर अमुक सहकारी काम बघण्यास तयार आहे." ते शेवटचं वाक्य सोडू नका. बदली माणूस कोण, या एका कारणावरून किती अर्ज अडकतात, ते मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय.

स्वतः आजारी असल्याचा खोटा दाखला मात्र देऊ नका. ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, आजारपणाचा लाभ तुमच्या स्वतःच्या आजारासाठी आहे. पकडला गेलात तर नोकरीवर येतं. पण ईएसआयची दुसरी एक मदत पुष्कळांना माहीतच नसते. विमाधारकाच्या पत्नीचं बाळंतपण ईएसआयची सोय नसलेल्या ठिकाणी झालं, तर खर्चापोटी ७,५०० रुपये मिळतात, दोन बाळंतपणांपर्यंत. तुमचा पगार ईएसआयच्या मर्यादेत असेल आणि बायको आजऱ्यालाच बाळंत होणार असेल, तर शाखा कार्यालयात आधीच चौकशी करून कोणती कागदपत्रं लागतात ते विचारा.

तुमच्याकडं युनियन असेल तर पुढच्या पगारवाढीच्या कराराच्या मागणीपत्रात पाच दिवसांची पगारी पितृत्व रजा घालायला लावा. कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. करारात आलं की ते तुमच्यापुरतं बंधनकारकच असतं. एका कामगाराला आयुष्यात एकदा-दोनदा पाच दिवस, मालकाला हे काही जड नाही. मी स्वतः हिशेब ठेवलेला माणूस आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

प्रश्न : मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक आहे. मुलगी होऊन सव्वादोन महिने झाले. पत्नी आता सांगलीहून माझ्याकडं येईल. पितृत्व रजा मागितली तर हेडक्लार्क म्हणतात, बाळंतपण होऊन गेलं, रजा बुडाली. खरंच बुडाली का?

उत्तर : नाही, बुडालेली नाही. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधला ४३-ए हा नियम काढा आणि हेडक्लार्कना नम्रपणे दाखवा. दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस. प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपासून ते प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही घेता येते. सहा महिने उलटले तरच ती जाते. पूर्ण पगार मिळतो, रजेच्या खात्यातून एक दिवसही वजा होत नाही आणि हिला जोडून दुसरी रजा घेता येते. आणि शक्यतो कोणत्याही परिस्थितीत ही रजा नाकारू नये, असं नियमातच लिहिलेलं आहे. एक वर्षाच्या आतलं मूल दत्तक घेतलं तरी तितकीच रजा आहे, दत्तक झाल्यापासून सहा महिन्यांत.

तुमच्याकडं अजून जवळपास पावणेचार महिने आहेत. पत्नी येईल त्या दिवसापासून घ्या. १५ दिवस सलग घेतलेत तर उत्तम.

शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांचीही अशी पत्रं येतात. त्यांनी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची नियमावली बघावी. तिथंही दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची तरतूद आहे. आणि पोलीस खात्यातल्या वाचकांसाठी : २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं एका पोलीस निरीक्षकाच्या बाजूनं निकाल दिला. पत्नीच्या बाळंतपणासाठी रजेवर राहिला म्हणून त्याला फरार ठरवणारा आदेश न्यायालयानं रद्द केला आणि पितृत्व रजेचा कायदा हवा असं स्पष्ट म्हटलं. निकाल तामिळनाडूतला असला तरी अर्ज लिहिताना त्यातला विचार उपयोगी पडेल.

प्रश्न : आमची सून पुण्यात नोकरी करते, पण बाळंतपणाला राजारामपुरीत माझ्याकडंच आली, कारण तिला आई नाही. मुलगा कंपनीची १५ दिवसांची रजा घेऊन आलाय. रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसतो, दुपटी धुऊन गच्चीवर वाळत घालतो. शेजारच्या बायका हसतात, "बाप्याला कुणी असलं करायला लावतं का?" मुलगा काही मनावर घेत नाही, पण मला कानकोंडं होतं. त्याला सांगू का, की निदान गच्चीवर जाऊ नको?

उत्तर : वहिनी, कृपा करून सांगू नका. त्याच्या कंपनीनं ही रजा कायद्याची सक्ती नसताना दिली आहे आणि तुमचा मुलगा ती ज्या कामासाठी मिळाली त्याच कामात खर्च करतो आहे. सुनेला आई नाही, हे तुम्ही एका वाक्यात लिहून गेलात, पण माझं लक्ष तिथंच अडकलं. त्या मुलीला रात्री दोन वाजता हाक मारायला आता दोन माणसं आहेत.

तुम्ही एक करा. तुम्ही पूर्वी बाळाला न्हाऊ-माखू कसं घालायचात, पायांवर कसं आडवं घ्यायचात, पाणी किती कोमट लागतं, हे त्याला आत्ता शिकवून ठेवा. पंधरा दिवस आहेत. पुण्याला परत गेल्यावर तिथं तुम्ही नसणार. उद्या सकाळी घंगाळात पाणी काढाल तेव्हा आधी त्याचा हात बुडवून बघायला लावा.